प्रश्न उद्भवत नाही

माघ सरत आला की नाशिकच्या हवेला दोन चवी येतात. सकाळी गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, येणारा वारा अजून शाल मागतो. दुपारी तोच वारा पेठ गावाच्या अंगाने फिरतो आणि सुक्या पानांचा, दूर कुठे डोंगरात पेरणीसाठी भाजलेल्या राबाचा धुरकट वास घेऊन येतो. रविवार कारंज्याच्या चौकात द्राक्षांच्या पाट्या लागतात, त्यांच्याभोवती गांधीलमाश्या फिरतात. आणि मुंबईत अधिवेशन सुरू होतं.

ऋतूच्या वर्णनात हे शेवटचं वाक्य बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या मनात ते अनेक वर्षं तिथंच बसलेलं आहे. संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागतात. अमुक सदस्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना मंत्र्यांनी सांगितलं की, असं सुरू झालं की घरातली मंडळी कंटाळून उठतात. मी मात्र निवडायची मेथी तशीच मांडीवर ठेवून ऐकत राहते. मंत्र्यांनी काय उत्तर दिलं यात मला फारसा रस नसतो. त्या उत्तरावर कुणी पुन्हा उभं राहिलं का, हे मला ऐकायचं असतं. बातमीत ते बहुधा सांगत नाहीत.

माझे सासरे, त्यांना सगळे दादा म्हणत, सदतीस सालच्या निवडणुकीत मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले. आता आपण आमदार म्हणतो, तेव्हा लोक 'मेंबर' म्हणत. दादा दिवाणी दावे चालवणारे वकील. आवाज इतका हळू, की अशील पुढे वाकून, कानामागे हात धरून त्यांचा सल्ला ऐकायचे. चळवळीत ते दोनदा तुरुंगात जाऊन आले होते. "तुरुंगात जायला बोलावं लागत नाही ना," असं ते हसून सांगत. पण भर सभागृहात उभं राहायचं म्हटलं की ते टोपी सारखी करत बसून राहायचे. वर्ष होत आलं तरी त्यांनी तिथं एक शब्द उच्चारला नव्हता. गावात टवाळ लोक त्यांना मौनीबाबा म्हणायला लागले होते. सासूबाईंच्या, म्हणजे माईंच्या, कानावर ते आलं तेव्हा त्या दिवसभर भांडी आपटत होत्या.

घरात आम्ही तिघंच. माझे यजमान मनमाडला रेल्वेत नोकरीला, ते रविवारी यायचे. मी मॅट्रिक होऊन लग्न करून आले होते, आणि माझ्या मॅट्रिकचा उपयोग आतापर्यंत दादांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्यापलीकडे झालेला नव्हता.

अशा एका दुपारी रहिमभाई आले. हिरडा आणि मोहाचे व्यापारी, दादांचे जुने अशील. पेठेच्या बाजारात त्यांचं दुकान लागत असे. त्यांच्या मागे पायरीशी एक बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, पायांवर धुळीचे थर, आणि पोट पुढे आलेलं.

"वकीलसाब, जरा हिचं ऐका," रहिमभाई म्हणाले. "ही जानकी. मी हिला म्हटलं, आपले मेंबर कशासाठी आहेत? चल माझ्याबरोबर."

जानकी जमिनीकडे बघत बोलली. तिचा नवरा धवळू भोये. पाडा पेठेपासून बराच आत, डोंगराच्या कुशीत. तिथं एक मोठे साहेब फिरतीवर आले होते. साहेब फिरतीवर निघाले की तंबू, पेट्या, खुर्च्या, स्वयंपाकाची भांडी असं सगळं पाड्यावरच्या लोकांनी डोक्यावर घेऊन पुढच्या मुक्कामाला पोचवायचं, ही तिथली रीत. हिला वेठ म्हणत. मोबदला काही नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. कायद्यानं वेठ केव्हाच बंद झाली होती, पण कायद्याला डोंगर चढायची सवय नव्हती.

"त्या दिवशी माझ्या पोटात दुखत व्हतं," जानकी म्हणाली. "घरात सासू, ती आंधळी. धवळू बोलला, आज मी नाय येत. एवढाच बोलला. शिपायानं त्याला काठीनं ढोसला. तरी हा नाय गेला, उंबऱ्यात बसून राहिला. मंग दुसऱ्या दिशी आले न् घेऊन गेले. म्हणत्यात, तू रान पेटवलं."

"पेटवलं होतं?" दादांनी विचारलं.

"रान पेटला व्हता. पाड्याच्या वरच्या अंगाला, त्याच दुपारी. कोणी पेटवला आमाला काय ठावं? धवळू माझ्यापाशी व्हता."

दादांनी मान हलवली. "तुला कितवा?"

त्याचं उत्तर तिनं माईंकडे बघून दिलं. "शिमग्याला मोकळी होईन."

माईंनी तिला पडवीत पान वाढलं. आत नाही, पडवीत. तेव्हा आमच्या घरात तसंच होतं, आणि ते मला सांगायला हवं. पण ती जेवत होती तोवर माई समोर जमिनीवर बसून राहिल्या, तिच्या भातावर परत परत तूप घालत राहिल्या. "इथंच राहा म्हणावं हिला," त्या मला आत येऊन म्हणाल्या. जानकी राहिली नाही. शेळ्या होत्या, सासू होती. रहिमभाईंच्या गाडीतून ती गेली, तेव्हा माईंनी तिच्या ओटीत डिंकाची पुडी टाकली.

दादा पेठेला जाऊन आले. कोठडीच्या गजाआडून धवळूला भेटले. जामिनाचं बघितलं, तो मिळाला नाही. तपास चालू आहे, एवढंच सगळे सांगत होते. खटला अजून उभा राहिलेला नव्हता, आणि कधी राहील ते कुणालाच सांगता येत नव्हतं. परत आले त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून राहिले. मग मला म्हणाले, "सूनबाई, तुझं अक्षर चांगलं आहे. लिहून घे." आणि त्यांनी आपल्या आयुष्यातला पहिला प्रश्न सांगायला सुरुवात केली. इंग्रजीत, तीन भागांचा. एक, त्या पाड्यावर सक्तीनं वेठ घेतली हे खरं आहे काय? दोन, नकार दिला म्हणून धवळू भोये यास पकडलं हे खरं आहे काय? तीन, असल्यास सरकार काय करणार आहे?

मी विचारलं, "आणि ते नाही म्हणाले तर?"

"ते नाहीच म्हणणार," दादा म्हणाले. "उत्तर साहेबांच्या कचेरीतूनच तयार होऊन येतं. (अ) नाही. (ब) नाही. (क) प्रश्न उद्भवत नाही."

'प्रश्न उद्भवत नाही' हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. पुढे आयुष्यात मला ते अनेक ठिकाणी भेटले, दवाखान्यात, कचेऱ्यांत, एकदोनदा स्वतःच्या घरातही. इतकं सभ्य, इस्त्री केलेलं वाक्य. त्यात कुणी कुणावर ओरडत नाही. फक्त दार लागतं.

प्रश्नाची वार्ता पक्षात पोचली. जिल्ह्यातले एक वजनदार पुढारी घरी आले, त्यांना सगळे तात्यासाहेब म्हणत. बशीत चहा ओतत ते म्हणाले, "दादा, एवढी वर्षं परक्या सरकारशी भांडलो. आता कुठं आपली माणसं मंत्री झालीत. समोरचे बाकवाले टपून बसलेत. आणि तुम्ही आपल्याच मंत्र्याकडे बोट दाखवणार?"

"मंत्र्याकडे नाही हो. मंत्र्यांना बिचाऱ्यांना हे ठाऊकही नसेल."

"तेच म्हणतो मी. मग खासगीत भेटून सांगा. एक चिठ्ठी टाका."

"टाकली होती. पोच आली, 'चौकशी करण्यात येत आहे' अशी. चौकशी त्याच साहेबांकडे गेली असणार."

तात्यासाहेबांनी बशी खाली ठेवली. "आणि कुणासाठी चाललंय हे? त्या डोंगरात मत आहे कुणाला?"

हे खरंच होतं. तेव्हा मत सगळ्यांना नसे. शेतसारा भरणाऱ्याला, शिकलेल्याला, अशांनाच ते मिळे. धवळूनं दादांना मत दिलेलं नव्हतं, कारण त्याला ते नव्हतंच.

दादांच्या गप्प बसण्याला लोक होकार समजत, ही त्यांच्या आयुष्यभराची अडचण. या वेळी मात्र ते हळूच म्हणाले, "ज्यानं मत दिलंय तो मला रस्त्यात गाठून जाब विचारेल, तात्यासाहेब. याला तेही करता येत नाही. आणि सरकार आपलं झालं, म्हणून हे प्रश्न परके झाले का?"

तात्यासाहेब चहा अर्धा टाकून गेले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या माईंनी पदरानं डोळे टिपले. कशासाठी ते मी विचारलं नाही. नवऱ्याचं राजकारण बुडालं म्हणून असेल, किंवा तो इतकी वाक्यं एकदम बोलला म्हणूनही असेल.

मग सुरू झाली ती तालीम. आजही आठवली की मला हसू येतं.

मंत्र्यांचं छापील उत्तर आलं की त्यावर मेंबरला पुरवणी प्रश्न विचारता येत. खरी लढाई तिथंच. पण त्यासाठी उभं राहायला हवं, तत्क्षणी सुचायला हवं, आणि आवाज फुटायला हवा. दादांना तिन्ही जड. म्हणून दुपारी कोर्टातून आले, की ते झोपाळ्यासमोर उभे राहायचे आणि मी झोपाळ्यावर बसून मंत्री व्हायचे. सासरे उभे आणि सून झोपाळ्यावर, डोक्यावर पदर घेऊन! माई पहिल्या दिवशी घाबरून दाराला कडी घालून आल्या, शेजारच्यांनी बघू नये म्हणून.

"मंत्रिमहाशय सांगतील काय, की सामान वाहायला किती माणसं नेली?"

"माहिती उपलब्ध नाही," मी म्हणे.

"ती गोळा केली जाईल काय?"

"त्याला लागणारे श्रम मिळणाऱ्या फळाच्या मानाने जास्त आहेत."

माई आतून ओरडायच्या, "अगं, कुठून शिकलीस हे?" मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. न सांगण्याच्या इतक्या रीती माझ्यात भरलेल्या होत्या, आणि मला पत्ता नव्हता. सासरी आलेल्या मुलीला उत्तर टाळायची कला शिकवावी लागत नसावी. दादा हरत. रोज हरत. लवंग चघळत खाली बसत आणि म्हणत, "तू खरंच मंत्री हो बाई."

एका दुपारी मात्र गंमत झाली. दादांनी विचारलं, "धवळूनं नकार दिला, हे खरं ना?"

मी मंत्रिपदाच्या तोऱ्यात म्हटलं, "मुळीच नाही. सगळे गडी राजीखुशीनं आले. कुणीही नकार दिला नाही."

"कुणीही नाही?"

"कुणीही नाही."

दादांची लवंग एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "सूनबाई," ते म्हणाले, "मग तो सामान घेऊन पुढच्या मुक्कामाला गेला. दिवसभराची वाट आहे ती. मग दुपारी पाड्याजवळ रान कुणी पेटवलं?"

मी पायानं झोपाळा थांबवला. वेठ झाकायची तर धवळू सामान वाहत होता म्हणावं लागतं. आग त्याच्या माथी मारायची तर तो घरी होता म्हणावं लागतं. तो दोन्हीकडे कसा असेल? माई पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता हेच विचारा. दुसरं काही विचारू नका."

पण मुंबईतले खरे मंत्री माझ्यासारखं उत्तर देतील कशावरून?

आम्ही दोघी मुंबईला गेलो त्या माईंच्या हट्टामुळे. "इतक्या दिवसांनी हे बोलणार, आणि मी ऐकायचं नाही?" टांग्यानं स्टेशन, मग गाडी. इगतपुरीला गाडी घाट उतरण्यासाठी थांबली तेव्हा दादा खाली उतरून फलाटावर येरझाऱ्या घालत होते आणि ओठ हलत होते. गिरगावात नणंदेकडे उतरलो. सकाळी दादांनी अर्धा कप चहा घेतला, तोही उभ्या उभ्या.

कायदेमंडळाची ती उंच दगडी इमारत, गार जिने, आणि प्रेक्षकांच्या सज्जातल्या अरुंद खुर्च्या. खाली दादा शेवटच्या बाकांपैकी एकावर बसले होते. वरून त्यांची टोपी तेवढी दिसत होती. कामकाज इंग्रजीतून, मी माईंच्या कानाशी लागून सांगत होते. प्रश्न पुकारला गेला. संबंधित खात्याचे मंत्री उठले. शांत, दमलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी कागदावरून वाचलं. (अ) नाही. पाड्यावरील सर्व धडधाकट पुरुष स्वखुशीने कामास आले. (ब) नाही. सदर इसमास त्याच दिवशी दुपारी जंगलास लागलेली आग त्यानेच लावली या संशयावरून अटक केली आहे. (क) प्रश्न उद्भवत नाही.

माझ्या हातातून माईंचा हात सुटला. मी झोपाळ्यावर बसून बोलले होते तेच, जवळजवळ तसंच! मला आनंद व्हायला हवा होता. पण दादा उठले नव्हते.

सभापती पुढच्या प्रश्नाकडे वळत होते. कुणीतरी कागद चाळले. मग ती टोपी वर आली. दादा उभे होते. इंग्रजीत सुरुवात केली, दोन शब्द आले आणि अडले. "मोठ्याने!" कुणी ओरडलं. समोरच्या बाकावर हशा झाला. दादांनी पुन्हा तेच दोन शब्द म्हटले. पुन्हा अडले. माई माझ्याकडे बघत होत्या, मी सांगेन म्हणून, आणि सांगायला काही नव्हतं.

मग दादांनी टोपी सारखी केली आणि मराठीत विचारलं, अगदी ओसरीवर विचारायचे तसं, "सर्व पुरुष आले असं आपण म्हणालात. धवळू भोयेही आला?"

सभागृह जरा चपापलं. मंत्री मराठीच होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग बाजूला बसलेल्या अधिकाऱ्यांकडे. एक चिठ्ठी पुढे आली. "होय," ते म्हणाले. "सर्वांमध्ये तोही आला."

"सामान पुढच्या मुक्कामापर्यंत नेलं?"

"होय."

"ती दिवसभराची वाट आहे. मग त्याच दुपारी मागे पाड्याजवळ रान पेटवायला तो कोणत्या पायांनी आला?"

समोरचे बाक उसळले. टेबलं वाजली, "उत्तर द्या, उत्तर द्या" असा गलका झाला. दादांच्या स्वतःच्या पक्षाचे लोक मागे वळून त्यांच्याकडे रोखून बघत होते. विरोधकांनी आपल्यासाठी टेबलं वाजवावीत हे दादांना मुळीच आवडलं नसणार. त्यांची मान खाली गेली होती, पण ते बसले नाहीत. माई सज्जाच्या कठड्याला धरून पुढे वाकल्या होत्या. त्यांना आता माझी गरज नव्हती. नवऱ्याचा शब्दन् शब्द त्यांना कळत होता.

मंत्र्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. ते अधिकाऱ्यांकडे वळले नाहीत. दादांकडे बघत म्हणाले, "मला दिलेल्या माहितीत मेळ नाही, हे सन्माननीय सदस्यांनी दाखवलं. हे प्रकरण मी कागदावर ठेवणार नाही. मी स्वतः माणूस पाठवतो. त्या कचेरीबाहेरचा."

बाहेर जिन्यात तात्यासाहेब भेटले. "समाधान झालं? उद्या पेपरात समोरच्या बाकवाल्यांचे फोटो येतील, आपले नाही," एवढंच म्हणून निघून गेले. दादा खांबाला टेकून उभे राहिले. घामानं कोट भिजला होता. तेवढ्यात एक चपराशी बोलवायला आला. मंत्र्यांनी बोलावलं होतं. दादा आत गेले, आणि आम्ही दोघी त्या गार फरशीवर उभ्या, माई तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत.

बाहेर आले ते हसत. "काय म्हणाले?" माईंनी विचारलं.

"म्हणाले, दादा, वर्षभर कुठं होतात?"

त्यानंतरचे दिवस मात्र वाट बघण्यात गेले. अधिवेशन चाललं होतं, दादा मुंबईत, आम्ही नाशकात. पळस फुलले होते. तपोवनाच्या बाजूला गेलं की लालभडक झाडं उभी दिसायची आणि मला ती फुलं आवडेनात, कारण त्यांचा अर्थ शिमगा जवळ आला एवढाच होता. माई रोज म्हणायच्या, "पोरगी एकटी आहे." एका सकाळी रहिमभाई दारातूनच ओरडत आले, "भाभी! सोडलं! माणूस येऊन गेला मुंबईचा, पाड्यावर जाऊन एकेकाला विचारलं. सोडलं धवळूला!" माई देवघरात होत्या. तशाच बाहेर आल्या, आणि रहिमभाईंना पाणी द्यायचं विसरून ओट्यावर मटकन बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. त्या हसत होत्या.

होळीच्या आधी दादा आले आणि आम्ही सगळे रहिमभाईंच्या गाडीतून पाड्यावर गेलो. वाटेत मोहाच्या झाडांखाली बायका फुलं वेचत होत्या, हवा गोड आणि जड झाली होती. धवळू दारात उभा होता. मी मनात त्याचा केवढा मोठा माणूस केला होता! तो बुटका, लाजरा, अगदी दादांसारखाच हळू बोलणारा निघाला. दोघं समोरासमोर उभे राहिले. धवळू म्हणाला, "लय लांब आला तुमी." दादा म्हणाले, "हो, ऊन आहे जरा." एवढंच. आत जानकी बाळंतीण झाली होती. तो वेळेवर पोचला होता, त्यानंच सुईणीला धावत जाऊन आणलं होतं. माई अंधारात वाकून शिरल्या, आणि पडवीत पान वाढणाऱ्या माझ्या सासूबाई त्या झोपडीत खाली बसल्या. बाळाला मांडीवर घेतलं आणि जानकीच्या आंधळ्या सासूनं पुढे केलेल्या मातीच्या परळातली नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर मोडून खाल्ली. घरी आल्यावर त्या आंघोळ करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसते पाय धुतले आणि चूल पेटवली.

वेठ त्या एका उत्तरानं सगळीकडून गेली असं मी म्हणणार नाही. डोंगर मोठे, पाडे पुष्कळ. दादा पुढे आणखी प्रश्न विचारत राहिले. काहींना उत्तरं मिळाली, काही उद्भवलेच नाहीत. वर्षा-दीड वर्षात महायुद्ध आलं, मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि सभागृहच ओस पडलं. तो मोसम संपला. आता मागे बघताना तो किती आखूड होता असं वाटतं. द्राक्षांचा असतो तेवढाच.

पण मला आठवतो तो युद्धाच्या आधीचा हिवाळा, त्या होळीनंतर आलेला. दादा डोंगरात फिरत होते आणि मी त्यांच्याबरोबर होते, कारण एव्हाना त्यांच्या प्रश्नांची टिपणं मीच काढत होते. धवळूच्या अंगणात घोंगडीवर बसलो होतो. खळ्यावर नागलीची कणसं पसरली होती. जानकीचं पोर त्यांच्यात लोळत होतं. तेवढ्यात पायवाटेनं एक खाकी शिपाई वर आला. खाली वळणावर तंबूच्या पेट्या भरलेली एक बैलगाडी उभी होती, पुढचा चढ गाडीला झेपणारा नव्हता. दादांना तो ओळखत नव्हता. त्यांच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

तो धवळूपुढे उभा राहिला. घसा खाकरला. सवय नसलेलं बोलायचं असलं की माणसाचा आवाज जसा होतो, तशा आवाजात म्हणाला, "साहेबांचं सामान वर न्यायचंय. मजुरी मिळंल. येशील का?"

जानकीचा हात सुपावर थांबला. मी दादांकडे पाहिलं, ते धवळूकडे बघत होते. धवळूनं खळ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"आज नाय," तो म्हणाला. "आज नागली झोडायची हाय."

शिपाई थोडा वेळ तिथंच घुटमळला. मग "बरं" म्हणाला आणि शेजारच्या घराकडे विचारायला गेला. धवळूनं काठी उचलली आणि झोडायला लागला.